पडद्यावरचे रकाने तुमच्या ओळखीचेच आहेत

वाचकाचे पत्र

मी एका ग्रंथालयात जवळजवळ तीस वर्षे काम करते आहे आणि निवृत्तीला अजून चार वर्षे आहेत. गेल्या वर्षी आमच्याकडे संगणकप्रणाली आली आणि तालिकापत्रांचे, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींच्या कार्डांचे, कपाट मागच्या खोलीत गेले. दोन दिवसांचे प्रशिक्षण झाले, पण ते इतक्या वेगाने उरकले की वहीत उतरवून घेतले तेवढेच माझ्याजवळ राहिले, आणि पडदा जरा वेगळा दिसला की त्या वहीचाही उपयोग होत नाही. आता नव्या पुस्तकांच्या नोंदी माझा तरुण सहकारी करतो आणि मी शेजारी बसून वर्गांक, म्हणजे पुस्तकाचा विषय दाखवणारा क्रमांक, सांगते. तो कधी उलट बोलत नाही, पण एकच गोष्ट तिसऱ्यांदा विचारताना मला फार अवघडल्यासारखे होते. ऑनलाइन नियतकालिकांबद्दल विचारणाऱ्या वाचकांनाही मी त्याच्याकडेच पाठवते. मध्यंतरी एक विद्यार्थिनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने दिलेली संदर्भयादी घेऊन आली. त्यातली निम्मी पुस्तके मला कुठेच सापडली नाहीत आणि दोष माझ्या शोधण्याचा आहे असे मला वाटले. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. या वयात हे सगळे शिकणे खरोखर शक्य आहे का, की आता बाजूला होणेच योग्य?

एक ग्रंथपाल

उत्तर

सप्रेम नमस्कार.

त्या विद्यार्थिनीच्या यादीपासूनच आरंभ करणे मला आवश्यक वाटते, कारण त्या प्रसंगात तुम्ही स्वतःकडे घेतलेला दोष तुमचा नाही. जी पुस्तके तुम्हाला कुठेच सापडली नाहीत, ती बहुधा कधी प्रकाशितच झालेली नसावीत. अशी साधने प्रत्येक वेळी पुस्तकांची एखादी तालिका (कॅटलॉग) पाहून उत्तर देतात असे नाही. त्यांना आधी पुरवलेल्या प्रचंड मजकुराच्या आधारे, पुढे कोणता शब्द येणे संभवनीय आहे याचा अंदाज बांधत ती वाक्ये रचतात. संदर्भनोंदीचा साचा ठरलेला असल्यामुळे तो त्यांना हुबेहूब जमतो, आणि मग लेखक खरा, नियतकालिक खरे, वर्ष पटण्याजोगे, पृष्ठांकही दिलेले, पण तो लेख मात्र कोणी लिहिलेलाच नाही, असे घडते. काही साधने आता इंटरनेटवर शोध घेऊन सोबत दुवे देतात. त्यामुळे धोका कमी होतो, तरी दुवा उघडून वाचल्याखेरीज त्या उत्तरावर विसंबता येत नाही, कारण पुष्कळदा दुवा खरा असतो आणि त्याच्या नावावर सांगितलेले विधान त्यात नसते.

पुढच्या वेळी अशी यादी आली, तर तिची छाननी तुम्ही स्वतः करावी असे मी आग्रहाने सुचवते. पुस्तक असेल तर ते वर्ल्डकॅटवर शोधावे. जगभरातील हजारो ग्रंथालयांची ही एकत्रित तालिका १९७१ मध्ये सुरू झाली आणि आज ती कोणालाही घरबसल्या पाहता येते. तिथे नाही म्हणजे पुस्तक नाहीच असे म्हणता येत नाही, कारण लहान प्रकाशकांची आणि प्रादेशिक भाषांतील कित्येक पुस्तके तिथपर्यंत पोहोचलेली नसतात. पण एखाद्या मोठ्या विद्यापीठीय प्रकाशनाच्या नावावर सांगितलेले इंग्रजी पुस्तक तिथे नसेल, तर संशयाला पुरेसे कारण मिळते. यादीत आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा प्रमाण क्रमांक, असेल तर त्याची पडताळणी कागदावरही होते. २००७ पासून हा क्रमांक १३ अंकी आहे. त्यातील विषम स्थानांवरील अंक तसेच ठेवावेत, सम स्थानांवरील अंकांना ३ ने गुणावे आणि सगळ्यांची बेरीज करावी. ती १० ने निःशेष भागली गेली नाही, तर तो क्रमांक चुकीचा आहे. भागली गेली तरी त्या क्रमांकाचे पुस्तक अस्तित्वात आहे हे सिद्ध होत नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवावे लागते. नियतकालिकातील लेख असेल आणि त्याला १० ने सुरू होणारा डीओआय क्रमांक, म्हणजे त्या लेखाची ऑनलाइन ओळख देणारा कायमचा क्रमांक, दिलेला असेल, तर तो डीओआय डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर टाकून पाहावा. क्रमांक खरा असेल तर तो थेट लेखाच्या पानावर नेतो. खोटा असेल तर सापडत नाही किंवा भलत्याच लेखाकडे नेतो. आणि डीओआय नसेल तर आपली जुनी रीत आहेच: त्या नियतकालिकाचा तो खंड, तो अंक उघडावा आणि त्या पृष्ठांवर प्रत्यक्षात काय छापले आहे ते पाहावे.

या कामात नवे असे काय आहे याचा विचार करून पाहा. दोन-तीन संकेतस्थळांचे पत्ते नवे आहेत. नोंदीवर आंधळेपणाने विश्वास न ठेवणे, मूळ प्रत पाहणे, एकाच नावाच्या दोन लेखकांत गल्लत न होऊ देणे, हे सगळे तुम्ही तीस वर्षे करत आला आहात. त्या विद्यार्थिनीला तुमच्याकडून खरी मदत हवी होती ती याच बाबतीत. ती यादी खोटी असू शकते हे कोणीतरी तिला अधिकाराने सांगायला हवे होते, आणि तो अधिकार तुमच्याजवळ असूनही तुम्ही तो वापरला नाहीत, याचेच मला अधिक वाईट वाटते.

आता नोंदींविषयी. तुमच्या सहकाऱ्याने नव्या पुस्तकाची नोंद उघडली, की पडद्यावर तीन अंकी क्रमांकांची जी लांब यादी दिसते, तिने तुम्ही बिचकत असणार असा माझा अंदाज आहे. ती यादी म्हणजे मार्क नावाचा नोंदीचा आराखडा आहे, आणि त्याची जडणघडण कशी झाली हे कळले तर तुमची भीती बरीच कमी होईल. हेन्रिएट अ‍ॅव्हरम या संगणकतज्ज्ञ बाई १९६५ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये रुजू झाल्या. ग्रंथालयशास्त्राची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. तालिकापत्र यंत्राला वाचता यावे असे रूप घडवायचे, तर पत्रावरची प्रत्येक ओळ, प्रत्येक विरामचिन्ह तिथे का आहे हे आधी समजून घेणे भाग होते, म्हणून त्या तालिकीकरणाचे नियम शिकल्या. त्यांनी आखलेला आराखडा तुमच्या विद्येवर उभा आहे. त्यातला १०० हा रकाना म्हणजे लेखकाचे नाव, तुमच्या पत्रावरची मुख्य नोंद. २४५ म्हणजे शीर्षक आणि कर्तृत्वाचा उल्लेख. २५० म्हणजे आवृत्ती, ३०० म्हणजे पृष्ठसंख्या आणि आकार, ६५० म्हणजे विषयशीर्षक, ०८२ म्हणजे ड्यूई वर्गांक आणि ०२० म्हणजे आयएसबीएन. मागच्या खोलीतल्या कपाटातून एक जुने तालिकापत्र काढावे, त्याच पुस्तकाची संगणकावरची नोंद उघडावी आणि दोन्ही शेजारी ठेवून पत्रावरची कोणती ओळ कोणत्या रकान्यात गेली ते पेन्सिलीने पत्रावरच लिहावे. अशी थोडी पत्रे झाली, की रोज लागणारे रकाने तुम्हाला पाठ करावे लागणार नाहीत, ते आपोआप ओळखीचे होतील.

आज बहुतेक ग्रंथालये प्रत्येक नोंद मुळापासून करत नाहीत. झेड ३९.५० या प्रणालीच्या साहाय्याने दुसऱ्या ग्रंथालयाची तयार नोंद मागवून घेता येते, आणि तुमचा सहकारीही बहुधा तसेच करत असेल. वेळ वाचतो हे खरे, पण उसन्या नोंदीबरोबर उसन्या चुकाही येतात. पुनर्मुद्रणाला नवी आवृत्ती म्हटलेले असते, संपादकाला लेखक केलेले असते, एकाच लेखकाचे नाव तीन प्रकारे लिहिलेले असल्यामुळे त्याची पुस्तके तीन ठिकाणी विखुरतात, आणि वर्गांक तुमच्या संग्रहाच्या जुन्या पद्धतीशी जुळत नाही. देवनागरीतील नावांत ऱ्हस्वदीर्घाचा एक फरकही शोध निष्फळ करायला पुरतो. तरुण सहकाऱ्याच्या हातातून या गोष्टी निसटतात त्या त्याच्या निष्काळजीपणामुळे नव्हे, तर अशा चुका वर्षानुवर्षे निस्तरण्याची वेळ त्याच्यावर अजून आलेली नाही म्हणून. मागवलेली प्रत्येक नोंद जतन होण्यापूर्वी तुमच्या नजरेखालून जावी, अशी व्यवस्था तुम्ही दोघांनी मिळून करावी.

येथवर जे लिहिले त्याने तुम्हाला धीर आला असेल, तर आता थोडे कठोर बोलणे मला भाग आहे. शेजारी बसून वर्गांक सांगणे तुम्ही थांबवले पाहिजे. ज्ञान तुमचे आणि हात त्याचे, ही वाटणी वरवर सोयीची दिसते, पण तिच्यामुळे गेल्या वर्षभरात तुमच्या हाताला सरावच मिळालेला नाही, आणि जे हाताने केले नाही ते विसरले, तर त्यात वयाला दोष देता येत नाही. हेरमान एबिंगहाऊस या मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्याच स्मरणावर प्रयोग करून १८८५ मध्ये असे दाखवले, की नवे शिकलेले सर्वाधिक वेगाने विसरले जाते ते शिकल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत आणि दिवसांत, आणि मध्ये अंतर ठेवून केलेली उजळणी एका दमात केलेल्या पाठांतरापेक्षा अधिक टिकते. दोन दिवसांचे सलग प्रशिक्षण आणि त्यानंतर काहीच सराव नाही, ही रचना पंचविशीतल्या माणसालाही पचली नसती. वाढत्या वयात नवी कृती हाताला बसायला अधिक वेळ लागतो, हे मी नाकारत नाही. परंतु नवी माहिती जुन्या, पक्क्या ज्ञानाला जोडता आली की ती चांगली टिकते, आणि जोडायला तुमच्याजवळ भरपूर आहे.

म्हणून जागांची अदलाबदल करा. माऊस आणि कळफलक तुमच्या हातात असावा, सहकारी शेजारी बसावा, आणि तुम्ही अडलात तर त्याने तोंडाने सांगावे, हात पुढे करू नये. ही अट त्याला आधीच स्पष्ट सांगा, कारण मदत करणाऱ्या माणसाला दुसऱ्याची संथ गती पाहवत नाही आणि नकळत तो स्वतः करून मोकळा होतो. रोज अर्धा तास पुरे आहे, पण तो रोज असावा, आणि शक्यतो सकाळी वाचकांची गर्दी होण्यापूर्वीचा असावा. चूक होईल, काही पुसले जाईल या धास्तीनेही हात थबकतो, आणि त्यावर सोपा उपाय आहे. कोहासारख्या मुक्त ग्रंथालयप्रणालीची, आणि इतरही बऱ्याच प्रणालींची, केवळ सरावासाठी वेगळी प्रत बसवता येते. तीत पुस्तके काल्पनिक, वाचक काल्पनिक; काहीही बिघडले तरी खऱ्या नोंदींना धक्का लागत नाही. तुमच्या प्रणालीची तशी प्रत आहे का हे पुरवठादाराला विचारा आणि नसेल तर मागून घ्या.

तुमच्या वहीचा उपयोग का होत नाही, हेही पत्रावरून लक्षात येते. तुम्ही त्यात बहुधा 'उजवीकडचे निळे बटण दाबावे' अशा स्वरूपाच्या ओळी लिहिल्या असणार. पुढच्या सुधारणेत ते बटण डावीकडे जाते आणि ओळ निरुपयोगी ठरते. त्याऐवजी काय साधायचे आहे ते लिहा: 'वाचकाच्या नावावर आधी काही थकीत आहे का ते पाहणे', 'मग पुस्तकाचा बारकोड घेणे', 'परतीची तारीख वाचकाला सांगणे'. हेतू लिहिलेला असला की बटण कुठेही गेले तरी ते शोधता येते, कारण आपण काय शोधत आहोत हे ठाऊक असते. अक्षरे बारीक दिसत असतील तर ब्राउझरमध्ये कंट्रोलची कळ दाबून धरून अधिकचे चिन्ह दाबावे, म्हणजे ती मोठी होतात. ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण डोळे ताणून वाचण्याने येणारा थकवा आपल्याला न समजल्याचा थकवा वाटू लागतो, आणि मग माणूस उगाच खचतो.

सगळेच शिकण्याचा अट्टहास मात्र करू नका. रोज नवे साधन येते आणि त्यातली कित्येक दोन वर्षांत नाहीशी होतात. गणिताचे अध्यापन सोडून १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेले एस. आर. रंगनाथन यांची ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्रे आपण सर्वांनी अभ्यासली आहेत. १९३१ च्या त्या सूत्रांपैकी चौथे, वाचकाचा वेळ वाचवावा हे, साधन निवडताना कसोटी म्हणून वापरावे. एखाद्या साधनाने तुमच्यासमोर येणाऱ्या वाचकाचा वेळ वाचत असेल तर ते शिकावे, वाचत नसेल तर निःशंकपणे बाजूला ठेवावे. या कसोटीवर माझ्या मते पहिला क्रम ऑनलाइन तालिकेतील शोधाचा लागतो, दुसरा देवघेवीचा, आणि त्यानंतर ऑनलाइन नियतकालिकांच्या संग्रहांचा. नोंदी करणे त्याच्याही नंतर, कारण ते काम थोडे थांबू शकते, समोर उभा असलेला वाचक थांबू शकत नाही.

संग्रहांतील शोधाविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण वाचकांना तुम्ही सहकाऱ्याकडे पाठवता ते याच ठिकाणी. बहुतेक वाचक शोधपेटीत आपला प्रश्न जसाच्या तसा लिहितात आणि हजारो निष्पत्तींत हरवतात. तुम्हाला विषयशीर्षकांची सवय आहे, म्हणजेच एखाद्या विषयाला मान्य संज्ञा कोणती, तिच्याहून व्यापक कोणती आणि अधिक संकुचित कोणती, असा विचार करण्याची सवय आहे, आणि या संग्रहांतील चांगला शोध नेमका त्याच विचारावर चालतो. दोन संज्ञा 'अँड'ने जोडल्या तर दोन्ही असलेल्याच नोंदी येतात, 'ऑर'ने जोडल्या तर दोहोंपैकी कोणतीही असलेल्या येतात, आणि 'नॉट'ने नको असलेली वगळली जाते. पूर्ण शब्दसमूह अवतरणचिन्हांत ठेवला तर तो सलग, त्याच क्रमाने शोधला जातो. ही चिन्हे आणि शब्द बहुतेक संग्रहांत इंग्रजीतच द्यावे लागतात. त्यापूर्वी वाचकाला दोन प्रश्न विचारून त्याला खरोखर काय हवे आहे ते काढून घेणे, हे संदर्भसेवेतले अर्धे काम असते. तुमच्या सहकाऱ्याला तुमच्याकडून शिकण्यासारखी हीच गोष्ट आहे, आणि ती त्याला कोणत्याही प्रशिक्षणात मिळणार नाही. तो तुम्हाला तिसऱ्यांदा सांगताना तुम्हाला जे अवघडलेपण वाटते, ते या देवाणघेवाणीने पुष्कळ कमी होईल असा माझा विश्वास आहे. त्याला उघडपणे सांगा, की सकाळचा अर्धा तास तू मला प्रणाली शिकव आणि दुपारचा अर्धा तास संदर्भाच्या मेजावर माझ्याबरोबर बस.

एका बाबतीत तुम्हालाच पुढाकार घ्यावा लागेल, आणि ती म्हणजे वाचकांची गोपनीयता. कोणी कोणते पुस्तक नेले हे तिसऱ्या माणसाला सांगू नये, हा आपल्या व्यवसायाचा दंडक जुना आहे. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने १९३९ मध्येच तो आपल्या नीतिसंहितेत घातला. पूर्वी देवघेवीची वही खणात ठेवली की काम भागत असे. आता प्रत्येक कर्मचाऱ्याचे प्रवेशनाव आणि पासवर्ड वेगळा असला पाहिजे, मेजावरून उठताना प्रणालीतून बाहेर पडले पाहिजे, आणि वाचकाचे नाव, दूरध्वनी क्रमांक किंवा त्याने नेलेल्या पुस्तकांची यादी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कोणत्याही सार्वजनिक साधनात कधीही टाकता कामा नये. 'तुमचे खाते बंद होणार आहे, येथे पासवर्ड द्या' असे ईमेल आले तर त्यातील दुव्याला हात न लावता आधी प्रणाली सांभाळणाऱ्या व्यक्तीला विचारावे. सध्या तुम्ही दोघे एकच पासवर्ड वापरत असाल, तर तुमचे स्वतंत्र प्रवेशनाव आजच मागून घ्या. सरावासाठीही ते लागेल.

राहिला प्रश्न अर्जाचा. तुम्हाला प्रकृतीमुळे, घरच्या जबाबदारीमुळे किंवा केवळ पुरे झाले म्हणून निवृत्त व्हायचे असेल, तर तो तुमचा अधिकार आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण तुमच्या पत्रात यातले एकही कारण मला दिसले नाही. दिसले ते एवढेच, की ज्या कामात तुम्हाला वर्षानुवर्षे मान होता त्याच कामात तुम्हाला दुसऱ्याला विचारावे लागते आहे, आणि ते तुम्हाला सोसत नाही. हे दुःख खरे आहे, मी ते लहान लेखत नाही. तरीही त्या दुःखाच्या भरात चार वर्षांचा निर्णय घेऊ नये असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. अर्ज सहा महिने खणात राहू द्या आणि त्याच्या जागी दुसरा अर्ज वरिष्ठांकडे द्या. त्यात तीन मागण्या स्पष्ट लिहा: सरावासाठी प्रणालीची वेगळी प्रत, कामाच्या वेळेतच रोज अर्धा तास, आणि दोन दिवसांच्या सलग प्रशिक्षणाऐवजी आठवड्यातून एक अशी लहान सत्रे. कारण म्हणून स्वतःच्या वयाचा उल्लेख करू नका; ग्रंथालयातील प्रत्येक कर्मचाऱ्याला देवघेवीपासून संदर्भसेवेपर्यंतची सर्व कामे करता यावीत, म्हणजे कोणी एक जण रजेवर असताना वाचकाला परत जावे लागणार नाही, असे लिहा. तुमचा सहकारी एकटाच सगळे सांभाळत असल्यामुळे ते कारण आज खरेही आहे, आणि त्या अर्जावर त्याचीही सही घेता आली तर अवश्य घ्या.